बेलार्मिनोने गाडी खाली बसवली

बेलार्मिनो किंतानाच्या अंगणात कुत्रं भुंकलं की त्याची बायको ओर्लिंदा हातातलं काम न थांबवता आतूनच विचारायची, "आज काय न्यायचंय म्हणतात?"

कारण येणारा माणूस बेलार्मिनोकडे येत नसे, गाडीकडे येत असे. गाडी म्हणजे छप्पन सालची फोर्ड पिकअप. हिरवी, रुंद कपाळाची, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. एकसष्ट साली वेलार्दे गावच्या एका सफरचंदाच्या बागवाल्याकडून त्याने ती घेतली तेव्हा तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा होता. चिमायो गावाच्या अलीकडच्या त्या वस्तीत पाटाच्या दोन्ही अंगांना मिळून सतरा घरं, आणि त्या सतरा घरांत माल वाहणारी गाडी ही एकच. पुढे इतरांनीही गाड्या घेतल्या, पण आपल्या गाडीला ओरखडा पडलेला त्यांना खपत नसे. बेलार्मिनोला खपायचा. त्यामुळे मातीच्या विटा असोत, मेंढ्यांचं खत असो, मिरचीची पोती असोत की लग्नातल्या खुर्च्या, लोक यायचे ते त्याच्याच फाटकापाशी. मे महिन्यात शेतकऱ्यांच्या संताची मूर्ती शेतांतून फिरायची तीही याच हौद्यातून. दोनदा तर शवपेट्याही गेल्या होत्या.

"तुझी गाडी म्हणजे गावची गाय आहे," ओर्लिंदा म्हणायची. "दूध सगळ्यांनी काढायचं, चारा आपण घालायचा."

"दोन तास तर नेतात."

"आणि आणून देताना टाकी कोरडी. तुला एक शब्द उच्चारता येत नाही बघ. दोन अक्षरांचा आहे. नाही. म्हणून बघ एकदा."

तो हसायचा. त्याला नाही म्हणता येत नाही असं गावात सगळे म्हणत, पण ते पूर्ण खरं नव्हतं. त्याला कोणी मागायला आलेलं आवडायचं. तो जिल्ह्याच्या रस्तेखात्यात नोकरीला होता, उन्हाळ्यात खड्डे बुजवायचे, हिवाळ्यात बर्फ ढकलायचं. तिथे कोणी त्याला कधी काही विचारलं नाही. घरी मूलबाळ नव्हतं. पण फाटकावर उभं राहून कोणी "बेलो, आहेस का रे?" अशी हाक मारली की आपण या खोऱ्यात कोणीतरी आहोत असं त्याला वाटे. किल्ली देताना तो ती नुसती देत नसे. दुसरा गिअर अडखळतो, उतारावर जपून घे, अशी चार वाक्यं सांगून द्यायचा. घेणारा माना डोलवायचा. ती चार वाक्यं हीच त्याची मिळकत.

सगळ्यांत जास्त गाडी जायची ती पाटापलीकडे, थोरल्या भावाकडे. फाकुंदो त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. त्याची बायको युफेमिया, आणि तीन मुलांतला घरी राहिलेला एकच, धाकटा डेल्बर्ट. डेल्बर्ट गाडी चालवायला शिकला तो याच फोर्डवर, काकाच्या मांडीवर बसून. पुढे तो किल्ली मागायचाही थांबला. आत येऊन खिळ्यावरची काढून घ्यायचा.

ब्याण्णव साली ओर्लिंदाची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी दहाला सांता फे शहरात डायलिसिससाठी जावं लागे. चार तास यंत्राला लागून पडायचं आणि परत यायचं. बेलार्मिनोने रस्तेखात्यातून पाळी बदलून घेतली आणि तिला नेऊ-आणू लागला. येताना ती डोळे मिटून दाराला टेकून बसायची आणि तो खड्डे चुकवत हळू चालवायचा. खड्डे कुठे आहेत ते त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

त्याच वर्षी ऑक्टोबरात फाकुंदोच्या घरची हिवाळ्याची लाकडं आणायला दोघे भाऊ डोंगरात गेले. परत येऊन फाकुंदोच्या अंगणात उतरवताना एक जाड ओंडका हौद्यातून घरंगळला आणि बेलार्मिनोच्या डाव्या नडगीवर आला. हाड दोन ठिकाणी मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर. डावा पाय गेला म्हणजे क्लच गेला, आणि क्लच गेला म्हणजे सांता फे गेलं. ओर्लिंदाला गाडी येत नव्हती.

"काळजी करू नकोस," फाकुंदो म्हणाला. "आम्ही आहोत ना सगळे. ओर्लिंदाला नेऊ आळीपाळीने."

पहिला आठवडा खरोखरच सगळं जागच्या जागी झालं. युफेमियाने नेलं, फाकुंदोने नेलं, शेजारचा एकजण एकदा गेला. दुसऱ्या आठवड्यात फाकुंदोची पाळी बदलली. तो डोंगरावरच्या प्रयोगशाळेत राखणदार होता. युफेमियाची कंबर धरली. शेजाऱ्याच्या गाडीचे ब्रेक गेले. दर वेळी बेलार्मिनो फोन उचलायचा आणि म्हणायचा, "जमलं तर बघा. नाही जमलं तर काही हरकत नाही, मी करतो काहीतरी." तो काय करणार होता, ते त्यालाही माहीत नव्हतं. पलीकडून ऐकू यायचं, "मग बरं झालं, बेलो, कारण आज जरा अडचणच होती."

"हरकत आहे असं म्हण की रे," ओर्लिंदा म्हणायची. "माझं रक्त आहे ते. हरकत कशी नाही?"

शेवटी डेल्बर्ट म्हणाला, मी नेतो. त्याला तेव्हा नोकरी नव्हती, चोवीस वर्षांचा होता, दिवसभर मोकळाच. दोन आठवडे त्याने नेलं. काकूला धरून उतरवायचा, बाहेर थांबायचा, येताना तिला आवडतात म्हणून पिन्योन, पाइनच्या भाजलेल्या बिया, घ्यायचा. डॉक्टरांनी तिला मीठ बंद केलेलं, म्हणून बिनमिठाचे मागून. ओर्लिंदाचा त्याच्यावर जीव होता.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी संध्याकाळी तो आला. "काका, उद्या पहाटे गाडी नेतो. थोडी लाकडं आणायचीत. आठच्या आत परत येतो आणि तसाच काकूला घेऊन निघतो."

"लाकडं परवा नाही का आणता येणार?"

"परवा बर्फ सांगितलंय, काका. आठ म्हणजे आठ."

किल्ली खिळ्यावर होती. त्याने काढून घेतली.

बुधवारी आठ वाजता ओर्लिंदा कोट घालून दाराजवळच्या खुर्चीवर बसली. मांडीवर पर्स, पर्सवर हातमोजे. साडेआठला ती म्हणाली, येईल. नऊला तिने हातमोजे पर्समध्ये ठेवले. बेलार्मिनोने फाकुंदोकडे फोन लावला. युफेमिया म्हणाली, फाकुंदो कामावर आणि डेल्बर्ट तर तुमच्याचकडे ना? शेजाऱ्याकडे कोणी उचलला नाही. जिल्ह्याची एक गाडी आजाऱ्यांना न्यायची, पण तिला दोन दिवस आधी कळवावं लागे. दहाला त्याने दवाखान्यात फोन केला. तिथली बाई चांगली होती. म्हणाली, आज दुपारपर्यंत कधीही आणा, आम्ही जागा करू, नाहीतर मग शुक्रवारी, पण पाणी अगदी कमी प्यायला सांगा.

ओर्लिंदाने कोट काढला नाही. जेवायची वेळ टळली तरी ती तशीच बसून होती. तिचे घोटे सुजून बुटांवर आले होते.

चारच्या सुमारास गाडी आली. हौदा झाडून काढलेला, रिकामा. डेल्बर्ट धावतच आत आला. "काका, काय सांगू! पंक्चर झालं वर डोंगरात. माणूस नाही काणूस नाही. काकू, माफ करा हं."

"होतं असं कधी कधी," ओर्लिंदा म्हणाली.

तो गेल्यावर बेलार्मिनो कुबड्या घेऊन बाहेर आला. चारही टायर बघितले. मग हौद्याच्या बाजूला लटकवलेली स्टेपनी बघितली. तिच्या बोल्टवर वसंतातला चिखल वाळून घट्ट बसलेला होता, आणि रिमच्या आत कोळ्याचं जाळं होतं तसंच होतं. मागे वळून बघतो तर दारात ओर्लिंदा, कोट घातलेलीच.

"स्टेपनीकडे बघून काय करतोस?" ती म्हणाली. "त्याच्या तोंडाकडे बघून विचारायचं होतंस."

"उद्या विचारतो."

"हं," ती म्हणाली आणि आत गेली.

गुरुवारी बर्फ पडलं. शुक्रवारी पहाटे तिला श्वास घेता येईना, रुग्णवाहिका बोलवावी लागली. त्या खेपेला ती वाचली. पण नंतर घरी आली ती निम्मीच आली, आणि एकोणीस दिवसांनी गेली. डॉक्टरांनी बेलार्मिनोला खुर्चीत बसवून सांगितलं की तिचं हृदय आधीपासूनच दमलेलं होतं, एक खेप चुकल्याने असं होतं असं म्हणता येत नाही. होत नाही असंही म्हणता येत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, ते त्याने स्वतःच जोडून घेतलं.

मौतीला सगळी वस्ती लोटली. भांडी भरभरून मक्याच्या दाण्यांचं पोसोले आलं, वाल आले, मिरचीचा रस्सा आला. युफेमिया सगळ्यांत मोठ्याने रडली. नऊ दिवस घरात प्रार्थना झाली. दहाव्या दिवशी सकाळी कुत्रं भुंकलं.

डेल्बर्ट होता. टोपी हातात धरून उभा. "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण फ्रीज आणायचाय एस्पान्योलाहून. आई म्हणाली विचारून बघ."

आता विचारायचं, असं बेलार्मिनोच्या मनात आलं. तोंड उघडलंही. आणि त्याने काय केलं, तर हात वर नेऊन खिळ्यावरची किल्ली काढली आणि त्याच्या हातात दिली. वर म्हणाला, "दुसरा गिअर अडखळतो."

गाडी पाटाच्या पुलावरून पलीकडे गेली तेव्हा तो स्वयंपाकघरात जाऊन ओर्लिंदाच्या खुर्चीवर बसला. त्याला स्वतःची किळस आली. भाऊ, वहिनी, पोरगा, सगळ्यांवरचा राग होताच, पण या किळसेपुढे तो काहीच नव्हता. तोंडाला जे जमत नाही ते आता लोखंडाकडून करून घ्यायचं, हे त्याने त्या खुर्चीवर ठरवलं.

फेब्रुवारीत प्लास्टर निघालं. मार्चमध्ये तो गाडी घेऊन सांता क्रुझला एलॉय मायेस्तासच्या गॅरेजात गेला. एलॉय खोऱ्यात प्रसिद्ध होता. जुन्या गाड्या घासून चकाकवायच्या, खाली बसवायच्या, आणि रविवारी एस्पान्योलाच्या मुख्य रस्त्यावरून माणसाच्या चालीने फिरवायच्या, हा तिथल्या पोरांचा धर्म, आणि एलॉय त्यांचा पुजारी. चाळिशीचा, पोट सुटलेला, बोलका माणूस.

"या काका! काय, दुसऱ्या गिअरचं काम?"

"मागून खाली बसवायची."

एलॉयने हातातला पाना खाली ठेवला. "ही? तुमची? आयुष्यभर खत वाहिलं हिने, आणि आता नटायचंय?"

"किती खाली येते?"

"तुम्ही म्हणाल तेवढी. स्प्रिंगचे पाटे आणि एक्सलच्या मध्ये ठोकळे घातले की चार बोटं येते. देखणी दिसेल आणि थोडाफार मालही वाहता येईल."

"माल नाही वाहता आला पाहिजे."

"काय म्हणालात?"

"हौद्यात एक पोतं टाकलं तरी टेकली पाहिजे. इतकी खाली. आणि परत वर करता येणार नाही अशी."

एलॉय हसायला लागला, मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. जमिनीवर फळी टाकून दोघेही गाडीखाली सरकले. एलॉयने बॅटरी मारली.

"हे बघा. एका बाजूला आठ पाटे आहेत. एकावर एक. ही सगळी ताकद तिची. यातले पाच काढतो, तीन ठेवतो. एक्सल आत्ता पाट्यांच्या खाली टांगलाय, तो वरच्या अंगाला घेतो. झाली वीतभर खाली. पण मग एक्सल वर उडून चासीला आपटणार, म्हणून तिथे चासी कापावी लागते, अशी, अर्धचंद्रासारखी. आतून पट्टी वेल्ड करतो. रस्त्यावर फिरायला उत्तम. पण काका, चासी एकदा कापली की कापली. उद्या तुम्ही म्हणालात परत पूर्वीसारखी कर, तर मी जोडून देईन, पण तिच्यावर माल घाला असं मी कोणाला सांगणार नाही."

"काप."

"एकदा घरी जाऊन—"

"घरी कोण आहे विचारायला? काप म्हणतो ना."

चार दिवस काम चाललं आणि चारही दिवस बेलार्मिनो पालथ्या खोक्यावर बसून बघत होता. पाटे धरणारे यू-बोल्ट गंजून एकजीव झालेले, ते तापवून लाल करून तोडावे लागले. पाटे एकेक सुटून फरशीवर पडले की जड, बद्द आवाज व्हायचा. तिसऱ्या दिवशी एलॉयने गॅस कटर पेटवला. निळी ज्योत चासीला लागली, ठिणग्या सांडल्या, आणि तीस वर्षं खोऱ्याचा भार घेतलेल्या लोखंडातून अर्ध्या भाकरीएवढा तुकडा खाली गळून पडला. बेलार्मिनोला वाटलं होतं, त्या क्षणी बरं वाटेल. त्याला फक्त चहाची तलफ आली, आणि चहा करणारं घरी कोणी नाही हे आठवलं.

एलॉयने आपल्या परीने अर्थ लावला होता. शेवटच्या दिवशी हात पुसत तो हळूच म्हणाला, "काका, फाळक्यावर काकूंचं चित्र काढून घ्यायचं का? माझ्याकडे माणूस आहे. चेहरा अगदी जिवंत काढतो. मागे गुलाब वगैरे. बरेच जण काढतात, गेलेल्या माणसाचं."

"नाही," बेलार्मिनो म्हणाला.

म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो शब्द आपल्या तोंडून निघाला.

गाडी वस्तीत आली तेव्हा मागचा भाग बसलेल्या कुत्र्यासारखा दिसत होता. पाटाच्या पुलावर डेल्बर्ट उभा होता. आता याला कळेल, बेलार्मिनोच्या मनात आलं. डेल्बर्टने गाडी पाहिली, डोळे मोठे केले आणि लांब शीळ घातली.

"काका! काय देखणी केलीत हो!" तो गाडीभोवती फिरला, गुडघ्यावर बसून खाली डोकावला. "बापरे, चासी कापून घेतलीत? एलॉयने केलं ना? मला सांगायचं तरी! काका, येत्या रविवारी नेऊ? एकच चक्कर. एस्पान्योलात सगळ्यांची तोंडं बघायचीयत मला."

"नाही," बेलार्मिनो म्हणाला.

"अहो, जपून चालवीन."

"नाही म्हटलं ना."

डेल्बर्ट गोंधळून मागे सरला. बेलार्मिनो गाडी अंगणात घेऊन आला आणि इंजिन बंद करून आतच बसून राहिला. दोन अक्षरं. इतकं सोपं होतं ते. नोव्हेंबरातल्या मंगळवारीही इतकंच सोपं असणार. गाडी कापायची गरजच नव्हती, एवढंच काय ते त्याला कळलं, आणि ते कळायला गाडी कापावी लागली होती.

वस्तीत तर वेगळंच पसरलं. बायको जाऊन चार महिने नाही झाले आणि म्हातारा रंगेल झाला. युफेमिया चर्चच्या पायरीवर म्हणाली म्हणे, "बिचारी ओर्लिंदा त्या खडखडाटात बसून मरायला टेकली, तेव्हा याला गाडी सुधारायचं सुचलं नाही. आता कोणासाठी एवढी सजवलीय, देव जाणे." हे बेलार्मिनोच्या कानावर आलं. त्याने खुलासा केला नाही. लोकांना तसं वाटलेलं बरं, असंच त्याला वाटलं. खरं कारण त्याहून लाजिरवाणं होतं.

एप्रिलमध्ये फाकुंदो आला. त्याला कोठीची भिंत बांधायची होती, विटा आणायच्या होत्या. कुंपणाला रेलून तो गाडीकडे बघत राहिला.

"विटा आता कशातून आणायच्या?"

"मला काय विचारतोस?"

"मग कोणाला विचारू? गावात सगळे हसतायत तुला. या वयात हे सोंग कोणासाठी केलंस, बेलो?"

"तुमच्यासाठी."

"म्हणजे?"

"तुम्ही परत मागायला येऊ नये म्हणून. तू, तुझी बायको, तुझा पोरगा. त्या बुधवारी पंक्चर नव्हतं झालं, दादा. स्टेपनीला हात लागला नव्हता. ओर्लिंदा इथे दारात कोट घालून बसली होती सकाळपासून, आणि तुझा पोरगा माझ्या गाडीतून लाकडं विकत फिरत होता."

फाकुंदोचा चेहरा उतरला. कुंपणावरचा हात त्याने काढून घेतला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मला हे माहीत नव्हतं. देवाशपथ."

"आता आहे."

"पण तू तेव्हा का नाही बोललास? पाच महिने गिळून बसलास? आणि आधी तरी? बेलो, तू फोन करायचास तो असा, जसं काही वाटीभर मीठ मागतोयस. जमलं तर बघा. हरकत नाही. मला काय स्वप्न पडणार होतं, ओर्लिंदा मरायला टेकलीय म्हणून? एकदा ओरडला असतास तर कामावरून पळत आलो असतो मी."

"ओरडल्यावर येणारा भाऊ मला नको होता."

"मग असा बस," फाकुंदो म्हणाला. "आपली कापलेली गाडी घेऊन."

तो गेला. त्याच्या बोलण्यातलं निम्मं खरं होतं. त्या निम्म्याशी बेलार्मिनो पुढे रोज भांडायचा, कधी भांडी घासताना, कधी बूट घालताना, आणि रोज हरायचा.

त्याला वाटलं होतं, गाडी नाही म्हटल्यावर वस्ती अडेल. कोणी अडलं नाही. फाकुंदोच्या विटा आठवड्याभरात आल्या, कोणाच्या तरी साडूच्या ट्रकमधून. संताची मूर्ती मे महिन्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसली आणि लोक म्हणाले, यावरून उलट जास्त चांगली दिसते. उन्हाळा संपायच्या आत डेल्बर्टला लाकडाच्या वखारीत नोकरी लागली आणि त्याने स्वतःची दणकट पिकअप घेतली. मग लोक त्याच्या फाटकाशी जाऊ लागले. बेलार्मिनोच्या फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेवर गवत वाढलं. तीस वर्षं त्या वाटेवर गवताला उगवायला सवड मिळाली नव्हती.

एका रविवारी तो न राहवून एस्पान्योलाच्या रस्त्यावर गाडी घेऊन गेला. पोरांनी हॉर्न वाजवले, अंगठे दाखवले. एकजण खिडकीशी येऊन म्हणाला, "आजोबा, एक नंबर! मन लावून केलंय काम!" बेलार्मिनोने मान हलवली आणि पहिल्या वळणावरून घरी परत आला.

ओर्लिंदाच्या थडग्याचा दगड घडवायला टाकला होता तो दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात तयार झाला. पाथरवटाचा पोहोचवायचा टेम्पो त्या आठवड्यात बंद होता. आठ दिवस थांबा, म्हणाला. बेलार्मिनोने पावणेदोन वर्षं वाट बघितली होती, आणखी आठ दिवस त्याला बघवेनात. तो गाडी घेऊन गेला.

पाथरवटाची माणसं गाडीकडे बघून म्हणाली, "यात? दोन माणसांचं वजन आहे, आजोबा."

"हळू नेईन."

दगड हौद्यात ठेवला तशी गाडी मागून जमिनीला भिडायची तेवढी राहिली. सडकेवर तो पायी चालल्यासारखा आला. प्रत्येक खड्ड्याला खालून एक्सलचा ठण्ण आवाज येई आणि त्याचे दात एकमेकांवर आपटत. दफनभूमीकडे चढणारी कच्ची वाट पाटावरून जाते. तिथे मातीचा उंचवटा आहे. पुढची चाकं पलीकडे उतरली, आणि गाडी पोटावर टेकली. मागची चाकं धूळ उडवत जागच्या जागी फिरत राहिली. त्याने इंजिन बंद केलं. खाली उतरून फावड्याने माती ओढायला लागला. मोडलेला पाय दुखायला लागला तेव्हा पाटाच्या काठावर बसला.

तासाभराने वखारीतून घरी चाललेल्या डेल्बर्टला सडकेवरून हिरवी गाडी दिसली. त्याच्याबरोबर वखारीतले दोन गडी होते. तो उतरून आला, हौद्यातला दगड पाहिला, त्यावरचं नाव वाचलं आणि टोपी काढली. त्या तिघांनी दगड उचलून आपल्या गाडीत ठेवला, फोर्ड दोराने ओढून काढली, आणि वर नेऊन संध्याकाळच्या आत दगड जागेवर बसवला. डेल्बर्टने गुडघ्यांवर बसून कडेची माती हाताने थापली. वखारीतले गडी खाली गाडीशी जाऊन थांबले.

"मला सांगायचं होतंत, काका," डेल्बर्ट म्हणाला. "मी आणला असता."

बेलार्मिनो दगडाकडे बघत होता. "त्या बुधवारी कुठे होतास?"

डेल्बर्टने मान वर केली नाही. "सांता फेत," तो म्हणाला. "गिऱ्हाईक मिळालं होतं. एक खेप टाकली, तो म्हणाला अजून एक आण. म्हटलं, एक दिवस नाही गेली तर काय होतं. मला खरंच माहीत नव्हतं, काका, एका दिवसाने..."

"सांता फेत," बेलार्मिनो म्हणाला. "तिला न्यायचं होतं तिथेच."

"हो."

हे ऐकलं की आत काहीतरी सैल होईल, असं त्याला पावणेदोन वर्षं वाटत आलं होतं. काही झालं नाही. पोरगा रडत होता आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं बेलार्मिनोला वाटलं नाही, लाथ घालावी असंही वाटलं नाही. उन्हं उतरत होती. घरी जाऊन वाल तापवायचे होते.

"आई कधीची म्हणतेय, काकांना घरी जेवायला घेऊन ये," डेल्बर्ट नाक पुसत म्हणाला.

"नको," बेलार्मिनो म्हणाला, आणि उतारावरून आपल्या गाडीकडे गेला.

त्यानंतर तो आणखी अकरा वर्षं जगला. भावाशी तो पुन्हा बोलला, पाटाच्या पाण्याच्या पाळीबद्दल, हवेबद्दल, तेवढंच. युफेमियाच्या घरात पाऊल ठेवलं नाही. फाकुंदो गेला तेव्हा मौतीला शेवटच्या बाकावर बसला आणि जेवणाआधी उठला. दर ऑक्टोबरात एका रविवारी, तो चर्चमध्ये असताना, कोणीतरी त्याच्या फाटकाच्या आत हिवाळ्याची लाकडं टाकून जाई, फोडून, चुलीच्या मापाने कापून. चर्चहून आल्यावर तो कपडे बदलायचा आणि दुपारभर ती भिंतीशी रचत बसायचा. एकदाही त्याने निरोप धाडला नाही, की मिळाली. एकदाही ती परत केली नाहीत.